लोखंडाचा रस आणि चमचाभर पाणी

कोल्हापूरच्या आसपासच्या शाळांत शिकवणाऱ्यांना एक अनुभव हमखास येतो. वर्गात 'रस' हा शब्द उच्चारला की बहुतेक मुलांच्या डोळ्यांसमोर उसाचा रस येतो, पण दोन-चार मुलांच्या डोळ्यांसमोर लोखंडाचा रस येतो. त्या मुलांचे वडील, काका किंवा मोठा भाऊ शिवाजी उद्यमनगरात, शिरोलीला, गोकुळ शिरगावला किंवा कागल-हातकणंगले वसाहतीत फौंड्रीत कामाला असतात. वितळलेल्या लोखंडाला तिथे रसच म्हणतात.

हे दोन रस एकमेकांना अगदीच परके नाहीत. कोल्हापूरचा गूळ वाढला तसे उसाचे चरक लागू लागले, पाणी उपसायला पंप आणि ऑइल इंजिने लागू लागली. त्यांचे सुटे भाग ओतायला ओतशाळा निघाल्या. पहिल्या महायुद्धाच्या काळात लोखंडाची टंचाई झाली, तेव्हा शाहू महाराजांनी गडावरच्या निरुपयोगी तोफा किर्लोस्करांना नांगर ओतण्यासाठी दिल्या, ही गोष्ट या भागात प्रसिद्धच आहे. आज इथल्या शेकडो ओतशाळांतून ट्रॅक्टर, ट्रक, पंप आणि यंत्रांचे भाग देशात आणि परदेशांत जातात.

गुऱ्हाळ पाहिलेल्या माणसाला फौंड्री समजणे सोपे जाते. काहिलीतला रस उकळू लागला की वर मळी येते, ती काढावी लागते. भट्टीतल्या लोखंडावरही मळीच येते. तिला पुस्तकात धातुमळी आणि कारखान्यात स्लॅग म्हणतात. उसाच्या रसात चुना टाकतात, लोखंडाच्या भट्टीत चुनखडी टाकतात. गूळ झाला की नाही हे गुळव्या पाहतो, रस तयार झाला की नाही हे मिस्त्री पाहतो. आणि दोन्हीकडे सर्वांत जोखमीची वेळ एकच, ती म्हणजे रस बाहेर काढण्याची. या लेखात आपण तेवढीच वेळ पाहणार आहोत.

एका मुलीचा प्रश्न

एका पावसाळ्यात आम्ही दहावीच्या मुलांना घेऊन एका ओतशाळेत गेलो होतो. कारखान्याचे नाव सांगण्याचे कारण नाही. भट्टीतून रस काढण्यापूर्वी मिस्त्रींनी मळी ओढायची लोखंडी सळई बाजूच्या जाळात धरली. चांगली दोन-तीन मिनिटे धरली. मग ती रसात घातली. एका मुलीने विचारले, "काका, सळई आधी का तापवली? रस एवढा तापलेला आहे, तो तापवेलच की तिला."

मिस्त्री म्हणाले, "गार असू दे की पोरी. वली असली तर घात हाय."

सळई तर कोरडी दिसत होती. मुलगी गप्प बसली, पण तिचे समाधान झालेले नव्हते. थोड्या वेळाने पलीकडच्या भट्टीवर एका नव्या मदतनिसाने कोपऱ्यात पडलेली सळई उचलून तशीच रसात घातली. फटाक्याच्या लडीसारखा तडतडाट झाला आणि ठिणग्यांचा झोत उडाला. सुदैवाने कोणाला लागले नाही. त्या मुलाच्या सदऱ्याला मात्र तीन भोके पडली. मिस्त्रींनी त्याला बाजूला घेतले आणि मुलांना आमच्या मागे उभे केले.

परत येताना बसमध्ये एक मुलगा हळूच म्हणाला, "सर, माझे बाबा हेच काम करतात." त्या मुलाला आणि त्या मुलीला उत्तर द्यायचे म्हणून आम्ही हा विषय मुळापासून समजून घेतला.

कुपोला भट्टीत काय चालते

ओतशाळांची जुनी भट्टी म्हणजे कुपोला. आतून उच्चतापसह विटा लावलेले हे एक उभे पोलादी नळकांडे असते. १७९४ साली इंग्लंडमध्ये जॉन विल्किन्सनने तिचे पेटंट घेतले. कोल्हापुरात अनेक वर्षे तिचेच राज्य होते. आता बऱ्याच ठिकाणी तिची जागा विजेच्या भट्टीने घेतली आहे.

कुपोलाच्या तळाशी कोकचा जाड थर पेटवतात. त्यावर लोखंड, कोक आणि चुनखडी असे थर रचतात. खालच्या बाजूच्या नळ्यांतून पंख्याने हवा फुंकतात. कोक जळतो, लोखंड वितळते आणि त्याचे थेंब कोकच्या फटींतून ओघळत तळाच्या कुंडात साठतात. शुद्ध लोखंड १५३८ अंश सेल्सियसला वितळते. पण ओतीव लोखंडात ३ ते ४ टक्के कार्बन आणि साधारण २ टक्के सिलिकॉन असते, त्यामुळे ते ११५० अंशांच्या आसपासच वितळू लागते. साच्याच्या कानाकोपऱ्यात पोचेपर्यंत ते पातळ राहायला हवे, म्हणून ते १४०० ते १५०० अंशांपर्यंत तापवून बाहेर काढतात.

वाळू आणि कोकची राख यांतून सिलिका येते. चुनखडी तापून तिच्यातून कार्बन डायऑक्साइड निघून जातो आणि चुना उरतो. चुना आणि सिलिका यांचा संयोग होऊन कॅल्शियम सिलिकेट बनते, तीच मळी. लोखंडाच्या रसाची घनता पाण्याच्या सुमारे ७ पट, तर मळीची जेमतेम ३ पट. म्हणून मळी वर तरंगते. कुंडाला दोन भोके असतात. तळाशी रसाचे आणि त्याहून वर, दुसऱ्या बाजूला, मळीचे. हवेच्या नळ्या त्याच्याही वर.

आता अडचण लक्षात येईल. थेंब सतत पडत असतात, कुंड भरत असते. रस वेळेवर काढला नाही तर मळीची पातळी चढत जाते आणि ती हवेच्या नळ्यांत शिरते. फार लवकर काढला तर लॅडल भरत नाही आणि थोडाथोडा रस वाटेतच थंड होतो. कधी काढायचा, किती वेगाने काढायचा आणि कधी थांबवायचा, हे तिन्ही ठरवावे लागते.

भोक आणि मातीचा बुच

रसाचे भोक ओल्या-कोरड्या मातीच्या शंक्वाकृती बुचाने बंद केलेले असते. टोकदार सळईने तो बुच फोडला की रस पन्हळीतून लॅडलमध्ये पडतो. रस किती वेगाने बाहेर येईल?

हे गणित सतराव्या शतकातच टॉरिसेलीने सोडवून ठेवले आहे. भोकाच्या वर 'उ' एवढ्या उंचीचा द्रव असेल, तर द्रवाचा वेग म्हणजे २ × गुरुत्वत्वरण × 'उ' याचे वर्गमूळ. या सूत्रात घनता कुठेच नाही! पाणी असो वा लोखंड, उंची सारखी असेल तर वेग सारखाच. घनता वाढली की दाब वाढतो, पण ढकलायचे वस्तुमानही त्याच प्रमाणात वाढते. शिवाय लोखंडाचा रस काकवीसारखा चिकट असेल अशी आपली समजूत असते, पण तो पाण्याइतकाच सहज वाहतो.

समजा, रसाची उंची, वरच्या मळीचा भार आणि पंख्याच्या हवेचा दाब हे सगळे मिळून अर्धा मीटर रसाच्या उंचीएवढे आहे. मग वेग येतो सेकंदाला सुमारे ३ मीटर. भोकाचा व्यास २० मिलिमीटर असला तर त्याचे क्षेत्रफळ ३.१४ चौ. सेंमी. होते. भोकातून निघताना धार आकसते आणि घर्षणही होते, म्हणून हिशोबात सुमारे ०.६ ने गुणावे लागते. उत्तर येते सेकंदाला ०.६ लिटर, म्हणजेच ४ किलो. १०० किलोची लॅडल २५ सेकंदांत भरेल.

आता भोक झिजून ३० मिलिमीटर झाले तर? व्यास दीडपट, पण क्षेत्रफळ सव्वादोन पट. सेकंदाला ९ किलो. तीच लॅडल ११ सेकंदांत भरून वाहू लागेल. लॅडल धरणाऱ्यांना सवय पंचवीस मोजण्याची. वाळू-मातीचे भोक प्रत्येक वेळी थोडे थोडे झिजते. म्हणून त्याचे माप रोज तपासणे आणि ते वेळेवर लिंपणे हे किरकोळ काम नव्हे.

भट्टी तासाला ३ टन रस देत असेल, तर मिनिटाला ५० किलो रस कुंडात साठतो. पाच मिनिटांत २५० किलो. तो २० मिलिमीटरच्या भोकातून मिनिटभरात बाहेर येतो, मग चार मिनिटे भोक बंद. म्हणजे मिस्त्रीला दर पाच मिनिटांनी चालू धारेसमोर बुच बसवायचा असतो. तो धारेच्या समोर उभा राहत नाही, बाजूला उभा राहतो. बुच लावलेली सळई वरून तिरकी आणून भोकात दाबतो, कारण समोरून दाबले तर धार चहूकडे उडते. पहिला बुच चुकला तर दुसरा हाताशी असावा लागतो. म्हणून बुच लावलेल्या दोन-तीन सळया आधीच तयार ठेवतात. बुचाच्या मातीत कोळशाची पूड किंवा लाकडाचा भुसा मिसळतात. भाजल्यावर तो भुसभुशीत राहतो आणि पुढच्या वेळी फोडायला सोपा जातो. माती जास्त ओली झाली तर मात्र बुचाऐवजी बार होतो. तो का, ते आता पाहू.

पाणी वर आणि पाणी खाली

भाकरी टाकण्यापूर्वी तवा तापला का हे पाहायला आई त्यावर पाण्याचे थेंब शिंपडते. तवा बेताचा तापलेला असेल तर थेंब 'चर्र' करून लगेच नाहीसा होतो. तवा खूप तापलेला असेल तर तोच थेंब गोळी होऊन नाचत राहतो आणि बराच वेळ टिकतो. थेंबाखाली वाफेची पातळ गादी तयार होते आणि ती उष्णता अडवते. लायडेनफ्रॉस्ट या जर्मन वैद्याने १७५६ साली याचे वर्णन केले.

लोखंडाच्या रसाच्या वर थोडे पाणी पडले तरी असेच होते. पाणी वर तरंगते, वाफेच्या गादीवर फिरते आणि वाफ होऊन मोकळ्या हवेत निघून जाते. दिसायला भयंकर, पण तेवढ्यावर भागते.

आता फोडणी आठवा. तापलेल्या तेलात ओला कढीपत्ता पडला की काय होते? पाणी तेलापेक्षा जड, म्हणून ते तेलाखाली जाते. तिथे त्याची वाफ होते. वाफेला वर यायला वाट नसते, म्हणून ती तेलच उडवते. लोखंडाच्या बाबतीत पाणी आपणहून खाली जात नाही, पण खाली आधीच असू शकते. लॅडलच्या अस्तरात, जमिनीतल्या खड्ड्यात, साच्याच्या वाळूत, सळईच्या गंजात ते असते. त्याच्यावर रस पडला की पाणी कोंडले जाते.

कोंडलेल्या पाण्याची ताकद किती? १ ग्रॅम पाण्याची १०० अंशांना सुमारे १.७ लिटर वाफ होते. ही वाफ १४०० अंशांपर्यंत तापली तर ती साडेसात लिटरपर्यंत फुगते. एका चहाच्या चमच्यात ५ ग्रॅम पाणी मावते. म्हणजे चमचाभर पाण्यापासून सदतीस-अडतीस लिटर वाफ, दोन मोठ्या बादल्या भरतील एवढी, आणि तीही क्षणात. वर १०० किलो रस असला तरी ती त्याला उडवून लावते. शिवाय तापलेले लोखंड पाण्यातला ऑक्सिजन ओढून घेते आणि हायड्रोजन मोकळा होतो. तो हवेत पेटतो.

पाणी वर असताना धोका कमी, खाली असताना जास्त, हे कळल्यावर एक निष्कर्ष निघतो. लॅडलमध्ये वरून पाणी पडले असेल तर ती हलवू नये. हे शहाणपण फार मोठ्या किमतीने मिळाले आहे. इंग्लंडमधील स्कन्थॉर्प गावच्या पोलाद कारखान्यात ४ नोव्हेंबर १९७५ रोजी 'क्वीन व्हिक्टोरिया' नावाच्या झोतभट्टीतून रस काढला जात होता. भट्टीच्या शीतन व्यवस्थेतून गळणारे पाणी रुळावरच्या प्रचंड लॅडलमध्ये गेले. पाणी रसावर उकळत होते. लॅडल दूर न्यावी म्हणून ती इंजिनाने ओढली गेली. धक्क्याने आतला रस हिंदकळला, पाणी त्याच्याखाली कोंडले गेले आणि स्फोट झाला. त्यात ११ कामगारांचे प्राण गेले. तेव्हापासून धडा असा की, लॅडल जिथल्या तिथे ठेवावी, पाण्याची वाफ होऊन जाऊ द्यावी आणि माणसांना दूर न्यावे.

ओलावा लपतो कुठे

त्या मुलीच्या सळईचे उत्तर आता देता येते. पावसाळ्यात कोल्हापूरची हवा दमट असते. थंड लोखंडावर हवेतली वाफ दवासारखी जमते. डोळ्यांना ती दिसतही नाही. गंज तर पाणी धरूनच असतो. गंज म्हणजे पाणी सामावलेला लोखंडाचा ऑक्साइड. सळई जाळात धरल्यावर वरचा ओलावा जातो आणि गंजातले पाणीही जाते.

लॅडलच्या अस्तराची गोष्ट आणखी शिकण्यासारखी आहे. अस्तराची माती उन्हात आठवडाभर वाळवली तरी ती खऱ्या अर्थाने कोरडी होत नाही. मातीच्या कणांच्या मधले पाणी १०० अंशांच्या पुढे निघून जाते. पण मातीच्या रेणूरचनेतच बांधलेले जे पाणी असते, ते निघायला ४५० ते ६०० अंश लागतात. कुंभाराचा कच्चा घडा पाण्यात विरघळतो, भाजलेला विरघळत नाही, त्यामागेही हेच कारण आहे. म्हणून लॅडल नुसती वाळवून भागत नाही. आतून लालबुंद होईपर्यंत तापवावी लागते.

ओलावा लपण्याच्या जागा अशा: उघड्यावर भिजलेली मोड, टोके बंद असलेले पाइप, मळी टाकण्याचा खड्डा, गोदामात सर्द झालेली चुनखडी. सिमेंटची फरशीसुद्धा यात येते. फरशी कोरडी दिसली तरी सिमेंटने पाणी बांधून ठेवलेले असते. तिच्यावर रस सांडला की फरशीचे कपचे उडतात. म्हणून भट्टीसमोरच्या जमिनीवर कोरड्या वाळूचा थर ठेवतात. सांडलेला रस विझवायलाही कोरडी वाळूच वापरायची, पाणी कधीही नाही. कुपोलाचे काम संपल्यावर तळाचे दरवाजे उघडून उरलेला कोक आणि मळी खाली पाडतात, तेव्हा खालची जागा कोरडी हवी, हे आता सांगायला नकोच.

विजेची भट्टी

दहावीच्या पुस्तकातले विद्युत चुंबकीय प्रवर्तन ओतशाळेत जिवंत दिसते. फॅरेडेने १८३१ साली दाखवले की बदलत्या चुंबकीय क्षेत्रात ठेवलेल्या वाहकात वीजप्रवाह निर्माण होतो. प्रवर्तन भट्टीत सिलिकेच्या अस्तराच्या भांड्याभोवती तांब्याच्या पोकळ नळीचे वेटोळे असते. त्यातून सेकंदाला पाचशे-हजार वेळा दिशा बदलणारा प्रवाह सोडतात. भांड्यातल्या लोखंडातच प्रवाह फिरू लागतात आणि ते आतून तापते. धूर कमी, तापमानावर ताबा जास्त.

पण एक गोष्ट मुलांना जरूर दाखवावी. त्या तांब्याच्या नळीतून थंड पाणी वाहत असते, नाहीतर नळीच वितळेल. म्हणजे १४५० अंशांचा रस आणि वाहते पाणी यांच्यामध्ये फक्त काही सेंटिमीटर जाडीचे अस्तर असते. अस्तराला तडा गेला तर रस नळीपर्यंत पोचू शकतो. म्हणून अस्तराची जाडी वेळोवेळी मोजतात. रसातून जमिनीकडे वीज गळू लागली की इशारा देणारे उपकरण बसवलेले असते. तो इशारा 'उगाच वाजतो' म्हणून बंद करून ठेवणे म्हणजे मरण ओढवून घेणे.

मोड टाकतानाही जपावे लागते. भट्टीत रस असताना वरून ओली मोड टाकली तर ती स्वतः बुडते आणि आपले पाणीही खाली नेते. हा फोडणीचाच प्रकार. मोडीचे तुकडे एकमेकांत अडकून वर पूल झाला तर खालचा रस कोणाला न दिसता प्रमाणाबाहेर तापतो आणि अस्तर खातो.

या भट्टीतून रस काढायला भोक नसते. आधी मळी काढतात, प्लॅटिनम-ऱ्होडियमच्या तारांच्या तापयुग्माने काही सेकंदांत तापमान मोजतात आणि मग संपूर्ण भट्टी पुढे कलवतात. कलण्याचा अक्ष ओठाजवळ ठेवलेला असला तर धार सुरुवातीपासून शेवटपर्यंत जवळजवळ एकाच जागी पडते. लॅडल मागेपुढे सरकवावी लागत नाही.

आणि वीज गेली तर? आपल्याकडे हा प्रश्न पुस्तकी नाही. प्रवर्तन भट्टीचा वीजप्रवाह थांबला तरी आतला रस तापलेलाच असतो, नळीला पाणी हवेच असते. म्हणून उंचावर पाण्याची टाकी ठेवतात. पंप बंद पडला की गुरुत्वाकर्षणाने पाणी येते, ते बिघडत नाही आणि त्याला वीज लागत नाही. कुपोलाचा पंखा बंद पडला तर निराळाच धोका असतो. आतला कार्बन मोनॉक्साइड उलट हवेच्या पेटीत शिरतो. पंखा पुन्हा चालू झाला की तो हवेत मिसळून स्फोट होऊ शकतो. म्हणून पंखा थांबताच हवेच्या नळ्यांची झाकणे उघडायची, हा नियम.

उष्णतेचा हिशोब

सुरक्षिततेला वेळ आणि पैसा लागतो, म्हणून ती मागे पडते, असे आपण ऐकतो. रस काढण्याच्या बाबतीत हिशोब करून पाहू.

१४५० अंशांची आदर्श काळी वस्तू दर चौरस मीटरमधून सुमारे ५०० किलोवॅट उष्णता बाहेर टाकते. रसाचा स्वच्छ पृष्ठभाग त्याच्या साधारण तिसरा हिस्सा टाकतो. तरी भर दुपारच्या उन्हाच्या दीडशे पटींहून जास्त! लॅडलचे तोंड ३० सेंमी. व्यासाचे असेल तर त्यातून जवळपास १२ किलोवॅट, म्हणजे बारा इस्त्र्यांची उष्णता, सतत निघते. लॅडलमध्ये १०० किलो रस असेल तर एवढ्यानेच तो मिनिटाला सुमारे ९ अंशांनी थंड होतो. लॅडलवर झाकण ठेवले की ही उष्णता वाचते आणि धरणाऱ्याचे तोंडही भाजत नाही.

लॅडल थंड असेल तर अस्तर उष्णता पिते आणि रसाचे तापमान पहिल्याच मिनिटात पन्नासेक अंश उतरू शकते. मग भट्टीत रस ५० अंश जादा तापवला जातो. १ किलो रस १ अंशाने तापवायला सुमारे ०.८ किलोज्यूल लागतात. टनाला ५० अंशांसाठी ४० मेगाज्यूल, म्हणजे ११ युनिट वीज. भट्टीतला अपव्यय धरला तर पंधरा युनिट. दिवसाला १० टन ओतणाऱ्या कारखान्यात दीडशे युनिट रोज जातात. एवढ्यात एका बेताच्या घराचा महिना निघतो. जादा तापमानाने अस्तरही लवकर झिजते, म्हणजे पुन्हा धोका.

तीच लॅडल आधी लालबुंद तापवली तर ओलावा जातो, माणूस वाचतो, रस थंड होत नाही, वीज वाचते. थंड रसाने फुकट जाणारी ओतकामे वाचतात. एकाच गोष्टीने हे सगळे साधते. सुरक्षित रीत आणि काटकसरीची रीत इथे वेगळ्या नाहीत.

एवढे करूनही चूक होऊ शकते, म्हणून अंगावरचे कपडे असतात. तोंडावर जाळीची किंवा काचेची ढाल, चामड्याचे हातमोजे, बिननाडीचे बूट आणि विजार बुटाच्या आत न खोचता बाहेरून. आत खोचली तर रसाचा थेंब सरळ बुटात जातो. कपडे जाड सुती हवेत. नायलॉन, टेरिलिन वितळून कातडीला चिकटते. लॅडल काठोकाठ कधी भरायची नाही. एक साधी गोष्ट मुलांना सांगावी: १ लिटरच्या तांब्यात ७ किलो लोखंडाचा रस मावतो आणि घागरभर रस दोघांनाही उचलवणार नाही.

वर्गात काय करता येईल

१. प्लॅस्टिकच्या बाटलीला तळाजवळ भोक पाडा. पाणी भरून ठरावीक खुणेपर्यंत उतरायला किती सेकंद लागतात ते मोजा. मग त्याच बाटलीत मिठाचे दाट पाणी घेऊन पुन्हा मोजा. घनता वाढूनही वेळ जवळजवळ तोच येतो का पाहा. नंतर भोक दीडपट रुंद करा. वेळ किती पटींनी घटला?

२. तवा मंद आचेवर आणि नंतर खूप तापवून, दोन्ही वेळा ड्रॉपरने पाण्याचा एकेक थेंब टाका. थेंब किती सेकंद टिकला? हे शिक्षकांनी करावे आणि मुलांनी लांबून पाहावे. तापलेल्या तेलात पाणी टाकण्याचा प्रयोग मात्र कोणीही करू नये. त्यासाठी घरातल्या फोडणीचा अनुभव पुरेसा आहे.

३. मातीच्या दोन गोळ्या करा. एक उन्हात वाळवा, दुसरी कुंभाराच्या भट्टीत भाजून घ्या. दोन्ही पाण्यात टाका. 'कोरडी' या शब्दाचे दोन अर्थ मुलांना आपोआप कळतील.

४. ज्यांच्या घरचे कोणी ओतशाळेत काम करते, त्या मुलांनी त्यांना विचारून यावे: तुम्ही कोणकोणत्या वस्तू वापरण्याआधी तापवता? यादी फळ्यावर लिहा आणि प्रत्येकीपुढे पाणी कुठे लपले असेल ते लिहा.

आम्ही हा चौथा उपक्रम केला. बसमधला तो मुलगा सात वस्तूंची यादी घेऊन आला. सातवी वस्तू होती नमुना घेण्याचा चमचा. "बाबा म्हणाले, हे कुणी विचारलं नव्हतं आजपर्यंत," असे तो म्हणाला. मग त्याने स्वतःहून सांगितले की, कारखान्यातल्या नव्या पोरांना 'सळई तापव' एवढेच सांगतात, का ते कोणी सांगत नाही. बाबांनी दुसऱ्या दिवशी ते सांगितले, तव्यावरच्या थेंबाचे आणि फोडणीचे उदाहरण देऊन.